जो संघ कधी मैदानात उतरलाच नाही : वेस्ट हॅमच्या सुवर्णपिढीची कथा

१/ २१ मे २००८, मॉस्को. चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना. मँचेस्टर युनायटेडकडून कर्णधार रिओ फर्डिनांड आणि मायकल कॅरिक. समोर चेल्सीकडून फ्रँक लॅम्पार्ड आणि जो कोल. चौघेही एकाच क्लबच्या अकादमीत घडलेले. तो क्लब मात्र त्या हंगामात इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये दहावा आला होता.

२/ चारच दिवस आधी वेम्ब्लीवर पोर्ट्समथने एफए कप जिंकला. त्या संघात बचावपटू ग्लेन जॉन्सन होता. जर्मेन डिफो त्याच क्लबचा, पण आधीच्या क्लबकडून या स्पर्धेत खेळल्यामुळे अपात्र. व्यवस्थापक हॅरी रेडनॅप. या तिघांचाही पूर्वाश्रम तोच : पूर्व लंडनचा वेस्ट हॅम युनायटेड.

३/ इतिहासात जर-तरला स्थान नसते असे आपण म्हणतो, आणि पानिपतापासून प्रत्येक पराभवापाशी पहिला प्रश्न जर-तरचाच विचारतो. ‘हे सहा जण वेस्ट हॅममध्येच राहिले असते तर?’ हा इंग्लिश फुटबॉलमधील तसाच एक प्रश्न. मित्रहो, आज त्याचे उत्तर कालक्रमात शोधू. #थ्रेड

४/ आधी पार्श्वभूमी. १८९५ मध्ये थेम्स आयर्नवर्क्स या जहाजबांधणी कारखान्यातील कामगारांचा संघ स्थापन झाला. १९०० मध्ये त्याचाच वेस्ट हॅम झाला. श्रीमंत क्लबांप्रमाणे तयार खेळाडू विकत घेण्यापेक्षा मुले घडवण्याकडे या क्लबचा ओढा राहिला.

५/ १९६६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडने पश्चिम जर्मनीला ४-२ असे हरवले. कर्णधार बॉबी मूर, तीन गोल करणारा जेफ हर्स्ट, उरलेला गोल करणारा मार्टिन पीटर्स : तिघेही वेस्ट हॅमचे. आणि त्याच १९६५-६६ च्या हंगामात वेस्ट हॅमचे लीगमधील स्थान? बारावे. हा आकडा ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

६/ १९७३ पासून युवा खेळाडूंची जबाबदारी टोनी कार यांच्याकडे आली. ते स्वतः वेस्ट हॅमच्या युवा संघात खेळले, पण मुख्य संघात त्यांना कधी संधी मिळाली नाही. पुढील चार दशके त्यांनी इतरांना त्या उंबरठ्यापर्यंत पोहोचवले.

७/ १९९६ मध्ये फर्डिनांड आणि लॅम्पार्ड यांचा युवा संघ एफए युथ कपच्या अंतिम फेरीत लिव्हरपूलकडून हरला. १९९९ मध्ये कोल आणि कॅरिक यांच्या संघाने तोच चषक जिंकला. अंतिम फेरीच्या दोन सामन्यांत मिळून कॉव्हेंट्रीवर ९-० अशी मात केली. त्याच हंगामात मुख्य संघ प्रीमियर लीगमध्ये पाचवा आला. भवितव्याची स्वप्ने पडू लागली ती येथून.

८/ मग विक्री सुरू झाली. नोव्हेंबर २००० मध्ये फर्डिनांड १ कोटी ८० लाख पाउंडांना लीड्सकडे गेला. बचावपटूसाठी तो तेव्हा जागतिक विक्रम होता. या पैशातून आलेल्या रिगोबेर सॉंग, तिती कामारा आदींपैकी कोणीही ती जागा भरून काढू शकले नाही.

९/ मे २००१ मध्ये रेडनॅप यांना पद सोडावे लागले. ते लॅम्पार्डच्या मावशीचे यजमान. लॅम्पार्डचे वडील त्यांचे सहायक. वशिल्याचा आरोप त्या मुलाने प्रेक्षकांकडून वर्षानुवर्षे ऐकला होता. काका आणि वडील गेल्यावर तोही १ कोटी १० लाख पाउंडांना चेल्सीकडे गेला.

१०/ २००२-०३. संघात कोल, कॅरिक, डिफो, जॉन्सन. जोडीला दि कानियो, कानूते, डेव्हिड जेम्स. व्यवस्थापक ग्लेन रोडर एप्रिलमध्ये गंभीर आजारी पडले. ट्रेव्हर ब्रुकिंग यांच्या हाताखाली शेवटच्या तीन सामन्यांत दोन विजय आणि एक बरोबरी. तरीही ४२ गुणांवर संघ खालच्या श्रेणीत घसरला. प्रीमियर लीगच्या ३८ सामन्यांच्या हंगामात इतके गुण मिळवून तोवर दुसरा कोणताही संघ घसरला नव्हता.

११/ खालच्या श्रेणीत दूरचित्रवाणीचे उत्पन्न आधीच तुटपुंजे. त्यात तिचे प्रक्षेपण हक्क घेतलेली आयटीव्ही डिजिटल कंपनी २००२ मध्ये बुडालेली. जॉन्सन आणि कोल त्याच उन्हाळ्यात अब्रामोविच यांच्या चेल्सीत गेले. फेब्रुवारी २००४ मध्ये डिफो आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅरिक टॉटनहॅमकडे.

१२/ आता तारखा शेजारी ठेवून पाहू. फर्डिनांड गेला नोव्हेंबर २००० मध्ये. जॉन्सन मुख्य संघात प्रथम खेळला जानेवारी २००३ मध्ये. मध्ये सव्वीस महिने. म्हणजे हे सहा जण वेस्ट हॅमसाठी एकाही सामन्यात एकत्र खेळले नाहीत. फर्डिनांड, लॅम्पार्ड, कोल आणि कॅरिक हे चौघे नियमितपणे एकत्र दिसले ते जेमतेम तीन महिने.

१३/ स्मृती काळाची घडी घालते. आठ वर्षांत एकामागून एक आलेली मुले तिला एकाच रांगेत उभी दिसतात, आणि तीही विशीतली नव्हे, तिशीच्या उंबरठ्यावरची, पदके मिळवलेली. पण ती पदके, तो अनुभव त्यांना इतरत्र मिळाला. वेस्ट हॅमने गमावली ती वाढत्या वयातली मुले.

१४/ मग क्लब निर्दोष ठरतो का? नाही. फर्डिनांडच्या पैशाचा विनियोग हा निर्णय होता, विधिलिखित नव्हे. पण चांगले खेळाडू असणे आणि चांगला संघ असणे यांतले अंतर १९६६ च्या बाराव्या क्रमांकाने आणि २००३ च्या ४२ गुणांनी दोनदा दाखवले. अकादमी खेळाडू घडवते. संघ घडवायला पैसा, व्यवस्थापन आणि वेळ लागतो. वेस्ट हॅमकडे हे तिन्ही एकाच वेळी कधी नव्हते.

१५/ म्हणून पुढच्या वेळी कोणी ‘तो संघ टिकला असता तर’ असे म्हणाले, तर इतिहासाच्या विद्यार्थ्याने आधी एवढेच विचारावे : तो संघ नेमक्या कोणत्या तारखेला अस्तित्वात होता? हा प्रश्न फुटबॉलपुरता नाही. आपण ज्या ज्या सुवर्णकाळाबद्दल हळहळतो, त्या प्रत्येकाला तो विचारून पाहा.