केळी-तंटा (युरोपीय संघ)

केळ्यांच्या आयातीवरील शुल्क, कोटा व परवाने यांवरून १९९३ ते २०१२ या काळात चाललेला आंतरराष्ट्रीय व्यापारतंटा. आयातशुल्क कोणाची बाग तारते आणि कोणाची मोडते, हे ताज्या फळांच्या व्यापारात इतके उघडपणे क्वचितच दिसले असेल.

१ जुलै १९९३ पर्यंत जर्मनी लॅटिन अमेरिकेची केळी शुल्काविना घेत असे. ब्रिटन व फ्रान्स मात्र आपल्या जुन्या वसाहतींच्या केळ्यांसाठी बाजार राखून ठेवत. त्या दिवसापासून सर्व सदस्य-देशांना एकच नियम लागू झाला. आफ्रिका, कॅरिबियन व पॅसिफिक भागांतील पारंपरिक पुरवठादारांच्या ८,५७,७०० टन केळ्यांना शुल्क माफ झाले. लॅटिन अमेरिकी केळ्यांवर पहिल्या २० लाख टनांना टनामागे १०० एकू (युरोच्या आधीचे हिशेबी चलन) आणि त्यापुढील मालाला ८५० एकू शुल्क ठरले. शंभर एकू भरूनही व्यापार चालला असता. साडेआठशे म्हणजे दाराला घातलेली कडीच होती. शिवाय कोट्यातील ३० टक्के परवाने युरोपीय व आफ्रिकी-कॅरिबियन केळ्यांच्या व्यापाऱ्यांना दिले गेले. परवान्यालाच किंमत आली, आणि संरक्षणाचा मोठा वाटा बागायतदाराऐवजी आयातदाराच्या पदरात पडला. या व्यवस्थेचा सर्वांत मोठा दोष हाच.

केळी थांबत नाहीत. घड हिरवे असतानाच उतरवतात, फण्या सुट्या करून सुमारे १८ किलोच्या पेट्यांत भरतात, बोटीत १३-१४ अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात आणि युरोपात पोचल्यावर इथिलीन देऊन पिकवतात. धान्यासारखी ती गोदामात ठेवून दर उतरण्याची वाट पाहता येत नाही. परवाना नसलेल्याला माल मिळेल त्या भावात दुसऱ्या बाजारात काढावा लागे.

इक्वादोर, ग्वातेमाला, होंडुरास, मेक्सिको आणि अमेरिकेच्या तक्रारीवर जागतिक व्यापार संघटनेने १९९७ मध्ये युरोपविरुद्ध निकाल दिला. युरोपने केलेली दुरुस्ती अपुरी ठरल्यावर अमेरिकेने १९९९ मध्ये वर्षाला १९.१४ कोटी डॉलरच्या युरोपीय मालावर १०० टक्के शुल्क लावले. हँडबॅगा, सुती चादरी, बॅटऱ्या बनवणाऱ्यांचा केळ्यांशी काडीचाही संबंध नव्हता. भुर्दंड त्यांना बसला. इक्वादोरलाही २००० मध्ये अशा कारवाईची मुभा मिळाली, पण युरोपीय माल महाग करणे त्या लहान अर्थव्यवस्थेला परवडणारे नव्हते. तिने ती मुभा वापरली नाही.

२००६ पासून लॅटिन अमेरिकी केळ्यांवरील कोटा जाऊन टनामागे १७६ युरोंचे सरसकट शुल्क आले, म्हणजे पेटीमागे सव्वातीन युरोंच्या आसपास. डिसेंबर २००९ च्या जिनिव्हा करारात ते १४८ वर आणून पुढे ११४ पर्यंत उतरवायचे ठरले. तंटा ८ नोव्हेंबर २०१२ रोजी औपचारिकपणे मिटला.

सवलतीचे मोल घटत गेले तसे सेंट लुसिया, डॉमिनिका, सेंट व्हिन्सेंट या बेटांवरील डोंगरउतारांच्या लहान बागा मोठ्या संख्येने बंद पडल्या. लॅटिन अमेरिकेतील सपाटीवरच्या विस्तीर्ण मळ्यांशी त्यांचा खर्च जुळणे अशक्य होते. झळ बसलेल्या दहा देशांसाठी युरोपने सुमारे १९ कोटी युरोंची मदत दिली. ती बागा मोडण्याआधी यायला हवी होती.

कोलंबिया, पेरू, मध्य अमेरिकेतील देश आणि २०१७ पासून इक्वादोर यांच्याशी झालेल्या करारांनुसार २०२० पासून त्यांच्या केळ्यांवर टनामागे ७५ युरो शुल्क आहे. कॅमेरून, घाना व आयव्हरी कोस्टची केळी शुल्कमुक्त येतात.