हापूस: कोकणचा आंबा, पोर्तुगीज नाव

रेवसच्या धक्क्यावर उतरून अलिबागकडे निघालं की वाड्यांमधून आंब्याची ‘कलमं’ दिसतात. कोकणात हापूसच्या झाडाला झाड कमी आणि कलमच जास्त म्हणतात. हापूसचा बराचसा इतिहास या एका शब्दात आहे.

आंबा मूळचा इथलाच. पण गोड आंब्याची कोय पेरली तरी नवं झाड त्याच चवीचं निघेल याची खात्री नसते. अशा कोयीच्या झाडांचा तो रायवळ. झाडागणिक चव वेगळी. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला. पुढे तिथल्या जेझुइट पाद्र्यांनी निवडक आंब्यांची कलमं मोठ्या प्रमाणावर करायला घेतली. भेट कलम ही त्यातली जुनी रीत: कुंडीतलं रायवळ रोप चांगल्या झाडाच्या फांदीला सालं तासून बांधायचं, सांधा जुळला की फांदी मूळ झाडापासून कापून घ्यायची. यातून एकाच चवीची बाग उभी राहू शकते.

‘हापूस’ हे नाव अफोंसो द अल्बुकर्क या पोर्तुगीज सेनानीवरून आलं असं मानतात. त्याने स्वतः कलमं बांधली असं मात्र समजू नये. तो १५१५ मध्येच वारला. गोव्यातले मानकुराद आणि फर्नांदिन हेही नावाने पोर्तुगीजच.

रेवसच्या दक्षिणेचं चौल १७४० पर्यंत पोर्तुगिजांकडे होतं. पण हापूस पैशाचं पीक झाला तो इंग्रजांच्या मुंबईमुळे. खाणारं शहर समोर, मध्ये समुद्र, आणि पेट्या नेणाऱ्या बोटी.

हवाईत हीच गोष्ट फार कडवट झाली. अननस तिथला नव्हे, दक्षिण अमेरिकेतला. १८९३ मध्ये अमेरिकी व्यापारी-बागायतदारांनी राणी लिलिउओकलानीला पदच्युत केलं. पुढे सॅनफर्ड डोल तिथला अध्यक्ष झाला आणि त्याच्याच नात्यातल्या जेम्स डोलने १९०१ मध्ये अननसाची कंपनी काढली. मळे कंपनीचे, राबणारे मजूर बहुतेक परदेशातून आणलेले.

कोकणात अशी कंपनी आली नाही. म्हणून इथे सगळं गोडच होतं असंही नाही: जमिनीवर खोत होता, कसणारी कुळं होती आणि पिकात खोताचा वाटा होता. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने.

आता वाद नावाचा आहे. कर्नाटकातला त्याच जातीचा आंबा ‘हापूस’ म्हणून विकला गेला की कोकणातल्या बागायतदाराचा भाव पडतो. २०१८ मध्ये या नावाला भौगोलिक मानांकन मिळालं; रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. पेटी घेताना तिच्यावर मानांकनाची खूण आणि बागायतदाराचं नाव आहे का, ते आधी बघा.