उंबरठ्याशी थांबलेला पोलीस

डी. ए. मिलर यांच्या 'द नॉव्हेल अँड द पोलीस' (१९८८) या ग्रंथापासून व्हिक्टोरियन कादंबरी आणि पोलीसव्यवस्था यांचा संबंध बहुधा फूकोच्या शिस्तविषयक मांडणीतून पाहिला जातो. कादंबरीच समाजावर पाळत ठेवते, हे प्रतिपादन मोलाचे आहे. मात्र ते स्वीकारताना तत्कालीन लोकमतातील वर्गीय दुभंग दुर्लक्षिला जाण्याचा धोका संभवतो.

१८२९ मध्ये रॉबर्ट पील यांनी लंडनचे महानगर पोलीस दल उभारले, तेव्हा सैन्याशी साम्य टाळण्यासाठी गणवेशाला लालऐवजी निळा रंग दिला गेला. तरीही संशय ओसरला नाही. १८३३ मध्ये, व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणापूर्वी चार वर्षे, कोल्डबाथ फील्ड्सच्या सभेत रॉबर्ट कली हा शिपाई मारला गेला आणि मृत्यूची चौकशी करणाऱ्या ज्यूरीने ती हत्या समर्थनीय ठरवली. तो निर्णय पुढे रद्द झाला. त्यामागील लोकभावना मात्र टिकली. शतकाच्या मध्यावर हेन्री मेह्यू यांनी लंडनच्या फेरीवाल्यांविषयी लिहिताना नोंदवले, की पोलिसाला ठोकून काढणारा त्यांच्या दृष्टीने शूर ठरे. रस्त्यावरून हुसकावणारा शिपाई त्यांच्या पोटावरच पाय देत होता.

मध्यमवर्गाची भूमिका वेगळी होती. १८५० मध्ये डिकन्स यांनी 'हाउसहोल्ड वर्ड्स'मधून गुप्तपोलिसांचे कौतुक केले. परंतु १८६० मध्ये रोड गावातील बालहत्येच्या तपासात जोनाथन व्हिचर याने घरातल्याच सोळा वर्षांच्या कॉन्स्टन्स केंटवर संशय घेताच लोकमत त्याच्यावर उलटले. कनिष्ठ वर्गातून आलेल्या अधिकाऱ्याने सभ्य घराण्याच्या कन्येचे कपडे तपासावेत, हेच असह्य होते. १८६५ मध्ये कॉन्स्टन्सने स्वतः कबुली दिली.

विल्की कॉलिन्सच्या 'द मूनस्टोन'मध्ये (१८६८) या प्रकरणाचे पडसाद स्पष्ट आहेत. सार्जंट कफ घरातील सर्वांचे कपडे तपासू पाहतो. रेचेल नकार देते आणि ती तपासणी तेथेच थांबते. व्हिचरचा संशय वास्तवात खरा ठरला होता. कफचा रेचेलवरील संशय कादंबरीत खोटा ठरतो. समाजाला अप्रिय असलेले सत्य कादंबरीने असे फिरवून घेतले आणि घरच्या कन्येला तिचे निर्दोषत्व परत केले.

म्हणून व्हिक्टोरियन कादंबरीला केवळ पोलिसी नजरेचा विस्तार मानणे अपुरे आहे. ती नजर कोणत्या दारापर्यंत पोहोचू द्यायची, याची वाटाघाटही तीत चालते. फेरीवाला या वाटाघाटीबाहेरच राहतो, कारण त्याचा व्यवहार उघड्या रस्त्यावरचा असतो आणि तेथे पोलिसाला अडवणारा उंबरठा नसतो.