पॅनिक डिसऑर्डर: मनातल्या भीतीदायक समजुती कशा मोजतात?

छातीत धडधडते, श्वास अपुरा पडतो, हातपाय थरथरतात. ईसीजी नॉर्मल येतो, रक्ततपासणीही नॉर्मल येते. तरी पुढच्या वेळी धडधड सुरू झाली की मनात तोच विचार येतो, ‘आता मात्र हार्ट अटॅकच!’ असे वारंवार होत असेल, तर शरीराबरोबर या विचाराचीही तपासणी व्हायला हवी.

समजूत का मोजायची?

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी 1986 मध्ये पॅनिकचे दुष्टचक्र मांडले. धडधड जाणवते, तिचा अर्थ ‘जिवाला धोका’ असा लावला जातो, त्यामुळे भीती वाढते आणि भीतीने धडधड आणखी वाढते. जिने चढल्यावरही छाती धडधडते, पण तेव्हा आपण घाबरत नाही, कारण तिचा अर्थ आपल्याला ठाऊक असतो. म्हणजे फरक धडधडीत नसून आपण लावलेल्या अर्थात असतो.

कोणत्या प्रश्नावल्या वापरतात?

- भीतीच्या क्षणी येणारे विचार: डायन चॅम्बलेस आणि सहकाऱ्यांच्या 1984 च्या प्रश्नावलीत असे 14 विचार आहेत. चक्कर येऊन पडणे, हार्ट अटॅक येणे, वेड लागणे, स्वतःवरचा ताबा सुटणे वगैरे. प्रत्येक विचार किती वेळा येतो यासाठी 1 (कधीच नाही) ते 5 (नेहमी) असे गुण देऊन सरासरी काढतात.
- लक्षणांचीच भीती: ‘अँक्झायटी सेन्सिटिव्हिटी इंडेक्स’च्या 2007 च्या सुधारित आवृत्तीत 18 विधाने आहेत. शरीराला काही होईल, मनाचा तोल जाईल आणि लोक काय म्हणतील, अशा तीन भीती त्यात वेगवेगळ्या मोजल्या जातात.

याशिवाय ‘या विचारावर तुमचा किती टक्के विश्वास आहे?’ असेही थेरपिस्ट विचारतात. भीतीच्या क्षणी किती आणि आत्ता शांत बसलेले असताना किती, हे दोन आकडे बहुधा वेगळे असतात.

गुणांचा अर्थ काय?

हा परीक्षेचा निकाल नाही. फक्त गुणांवरून आजाराचे निदान होत नाही. ते डॉक्टर तुमच्याशी बोलून आणि तपासून करतात. उपचार कुठून सुरू करायचे, हे मात्र गुणांवरून कळते. ‘हृदय बंद पडेल’ अशी भीती असेल, तर डॉक्टरांच्या संमतीने जागच्या जागी धावून मुद्दाम धडधड वाढवून पाहतात. ‘लोक हसतील’ ही भीती असेल, तर प्रयोग वेगळा असतो. काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेतात. अटॅक कमी झाले, पण ‘पाण्याची बाटली जवळ होती म्हणून वाचलो’ ही समजूत तशीच राहिली, तर काम अजून बाकी आहे असे समजावे.

प्रश्नावली भरताना

- ‘योग्य’ उत्तर शोधू नका. शांतपणे विचार केल्यावर जे पटते ते लिहू नका. अटॅकच्या वेळी जे खरे वाटते ते लिहा.
- ‘वेड लागेल’ असे लिहायची लाज वाटू देऊ नका. पॅनिकमध्ये हा विचार अनेकांना येतो.
- एखादा प्रश्न समजला नाही, तर विचारून घ्या.

घरच्यांसाठी

रुग्णाच्या वतीने उत्तरे देऊ नका. ‘उगाच घाबरतोस’ असे म्हणण्याऐवजी ‘त्या वेळी नक्की काय होईल असं वाटतं?’ असे विचारा. त्या उत्तराचा उपचारात उपयोग होतो.

हे लक्षात ठेवा

छातीत पहिल्यांदाच दुखत असेल, दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, दरदरून घाम येत असेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर ‘पॅनिकच असेल’ असे समजून थांबू नका. ताबडतोब रुग्णालयात जा. जगणे नकोसे वाटत असेल, तर ते डॉक्टरांना लगेच सांगा. ‘टेली मानस’च्या 14416 या मोफत क्रमांकावर दिवसरात्र बोलता येते.