दगडाचा नकाशा आणि दगड फोडणारे हात

भिवंडी तालुक्यातल्या लोनाडच्या बौद्ध लेण्यात गेलेला माणूस शिल्पे पाहतो. ज्या काळ्या दगडात ती कोरली त्याकडे सहसा पाहत नाही. हा दगड म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत थिजलेला लाव्हारस. तो कागदावर कसा उतरला, ह्या कथेत माणसांच्या उतरंडीचीही कथा आहे.

भूगर्भाचा पहिला मोठा देशव्यापी नकाशा १८१५ साली इंग्लंडात विल्यम स्मिथने केला. हा लोहाराचा मुलगा, कालव्यांच्या कामावरचा मोजणीदार. खणलेल्या मातीत उभे राहून त्याने ओळखले की प्रत्येक थराचे जीवाश्म वेगळे असतात, आणि त्यावरून दूरदूरचे थर जुळवता येतात. पण लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीतल्या खानदानी गृहस्थांनी त्याला दाराबाहेरच ठेवले. त्यांचा पुढारी ग्रीनो याने १८२० मध्ये स्वतःचा नकाशा काढला. त्यात स्मिथच्या कामाची सरळ उचल होती. स्मिथ त्याआधीच, १८१९ साली, कर्जापायी तुरुंगात जाऊन आला होता. सन्मानाचे पदक मिळाले ते १८३१ साली. जातिव्यवस्था नसलेल्या देशातली ही गोष्ट!

ह्याच ग्रीनोने १८५४ साली हिंदुस्थानचा भूगर्भ-नकाशा प्रसिद्ध केला. हिंदुस्थानात त्याने कधी पाऊलही टाकले नव्हते. इथे हिंडलेल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या, डॉक्टरांच्या टिपणांवर त्याने तो रचला. मुंबई इलाख्यातला कर्नल साइक्स त्यांपैकीच. दख्खनच्या ह्या दगडावर त्याने १८३० च्या दशकात लिहिले होते. दगडाला 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्द स्वीडिश, अर्थ पायऱ्या. सह्याद्रीकडे पाहिले की तो पटतो.

१८५१ साली टॉमस ओल्डहॅम आला आणि सरकारी भूगर्भ सर्वेक्षण खाते उभे राहिले. १८६० च्या दशकात ब्लॅनफर्डने पश्चिम हिंदुस्थानचा ट्रॅप पायी तपासला. स्मिथची युक्ती इथे फारशी चालत नव्हती, कारण लाव्ह्यात जीवाश्म कुठून असणार? दोन थरांमधली तांबडी माती, दगडातली भोके, मध्येच भिंतीसारखे उभे घुसलेले डाइक, ह्यांवरून थर ओळखायचे. १८७७ साली खात्याचा देशाचा पहिला नकाशा निघाला. हिंदी शिकाऊ उमेदवार घेतले ते १८७३ पासून, तेही नाखुशीने. प्रमथनाथ बोस वरच्या जागेवर आले १८८० साली.

आता आपला प्रश्न. तांबड्या मातीचा थर लागला की वरचा दगड सुटतो, हे वडाराला पहार मारताना कळते. घणाच्या आवाजावरून पक्का दगड कोणता, हेही तो सांगतो. गावाच्या शिवेचा तंटा पडला की महाराचा शब्द अखेरचा मानत. जमिनीची ही स्मृती त्याच्याकडे, आणि राहायला जागा मात्र गावकुसाबाहेर. नकाशाच्या कोपऱ्यात साहेबांची नावे छापली गेली. नमुन्यांच्या पेट्या उचलणारे कोण होते, हे छापायची कोणाला गरज वाटली नाही.

देशाच्या त्या नकाशावर भिवंडीसकट जवळजवळ सारा महाराष्ट्र एकाच रंगात रंगवलेला आहे. खाणीत उतरलेल्या माणसाला त्याच रंगात पक्का दगड, मुरूम आणि तांबडी माती वेगवेगळी दिसते.