उसनें रक्षण

मार्गशीर्ष महिन्यांत नांदेड जिल्ह्यांतील माळेगांवीं खंडोबाची यात्रा भरते. नांदेड-लातूरकडील मंडळी देवदर्शनासाठीं जातात, तशींच तेथील जनावरांचा बाजार पाहण्यासाठींही जातात. त्या बाजारांत घोड्यांचा मान मोठा. उंटही विकावयास येतात. घोडा स्वारीसाठीं आणि उंट ओझ्यासाठीं, एवढाच या प्राण्यांचा उपयोग आपण जाणतों. परंतु गेल्या सवाशें वर्षांत वैद्यकशास्त्रानें त्यांजकडून आणखी एक वस्तु उसनी घेतली आहे, ती म्हणजे त्यांच्या रक्तांतील रोगप्रतिकारक द्रव्य. त्या उसनवारीचा इतिहास येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रोगजंतु शरीरांत शिरला म्हणजे शरीर त्याच्याशीं झुंजणारीं द्रव्यें निर्माण करतें. त्यांस प्रतिपिंडें म्हणतात. लस टोचल्यानें शरीर तीं स्वतः करावयास शिकतें, पण त्यास अवधि लागतो. दुसऱ्याच्या शरीरांत तयार झालेलीं प्रतिपिंडें टोचलीं तर रक्षण तत्काळ मिळतें, मात्र तें फार काळ टिकत नाहीं. लस ही स्वकष्टाची कमाई. हें दुसरें उसनें धन. १८९० सालीं बर्लिन येथें बेरिंग व कितासातो यांनीं हें तत्त्व सिद्ध केलें. १८९४ सालीं पॅरिसच्या रू यांनीं घोड्याचें रक्तजल, म्हणजे सीरम, घटसर्प झालेल्या मुलांस टोचलें. त्यांच्या रुग्णालयांतील मृत्यूंचें प्रमाण निम्म्यावरून चतुर्थांशाच्या आसपास उतरलें.

अवघ्या तीन वर्षांत ही विद्या मुंबईस आली. प्लेगचा जंतु शोधून काढणाऱ्यांपैकीं एक, अलेक्झांडर यर्सिन, १८९७ सालीं घोड्यांचें सीरम घेऊन तेथें उतरले. चीनमध्यें त्यांस यश आलें होतें. मुंबईंत निराशा पदरीं पडली. सीरमच्या शक्तीविषयीं शंका होतीच. परंतु विलगीकरणाच्या धाकानें लोक रोगी लपवीत आणि दुखणें हाताबाहेर गेल्यावरच तो उघडकीस येई, हेंही तितकेंच खरें. मुंबईंत पाय रोवले ते हाफकीन यांच्या लशीनें.

पुढें १९१८ सालीं इन्फ्लुएंझाची साथ आली. तेव्हां नांदेड व लातूर निजामाच्या राज्यांत होतीं. लातूरचा स्वतंत्र जिल्हा तर १९८२ मधला. त्या साथींत हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें दगावलीं असा अंदाज आहे. घोड्यास टोचावें तर जंतुच कोणास ठाऊक नव्हता. मनुष्यांतील इन्फ्लुएंझाचा विषाणु १९३३ मध्यें सांपडला. अमेरिकेंत कांहीं डॉक्टरांनीं बऱ्या झालेल्या रोग्यांचें रक्तजल नव्या रोग्यांस दिलें. त्या जुन्या नोंदी २००६ सालीं एकत्र तपासल्या गेल्या. न्यूमोनिया होऊन चार दिवसांच्या आंत उपचार मिळालेल्यांपैकीं शेंकडा १९ दगावले होते, उशिरां मिळालेल्यांपैकीं शेंकडा ५९. आजच्या कसोटीस ते प्रयोग पुरे उतरत नाहींत, तरी त्यांचा कल स्पष्ट आहे.

उसन्या धनास व्याजही पडे. घोड्याचें रक्तद्रव्य परकें असल्यामुळें कित्येकांस ताप, पित्त, सांधेदुखी होई. म्हणून प्रतिपिंड तोडून त्याचा कामाचा भाग तेवढाच घ्यावा, असा विचार पुढें आला. १९५९ सालीं इंग्लंडांत पोर्टर यांनीं तसे तुकडे पाडून दाखविले. निसर्गानें मात्र हें काम आधींच केलें होतें. १९८९ च्या सुमारास ब्रुसेल्स येथें उंटाचें रक्त तपासतांना आढळलें कीं, त्यांतील कांहीं प्रतिपिंडांत नेहमींच्या दोन हलक्या साखळ्या नाहींतच. त्यांचें टोंक सोडविलें तर तें सामान्य प्रतिपिंडाच्या दहाव्या हिश्शाएवढें भरतें, तरीही विषाणूस धरून ठेवतें. तें जंतूंकडून वा यीस्टकडून करवून घेतां येतें, उष्णता अधिक सोसतें आणि वाफाऱ्यासारखें श्वासावाटे फुफ्फुसांत पोंचवितां येतें.

एवढ्यानें काम भागत नाहीं. आरएसव्ही नांवाचा विषाणु तान्ह्या मुलांचें फुफ्फुस धरतो. त्याजवर असें सूक्ष्म प्रतिपिंड, दुखणें वाढून रुग्णालयांत आणलेल्या बालकांना, श्वासावाटे देऊन पाहिलें. विषाणु घटला, पण बाळांचा आजार लवकर हटला नाहीं. उलट त्याच विषाणूवर १९९८ पासून अमेरिकेंत वापरांत आलेलें मोठें प्रतिपिंड आजारापूर्वींच टोचीत, आणि तें उपयोगी पडलें.

हाच धडा आपल्या घरांनीं कोविडच्या काळांत घेतला. २०२१ च्या चैत्र-वैशाखांत प्लाझ्मासाठीं झालेली धांवपळ अनेक कुटुंबांच्या स्मरणांत आहे. त्यापूर्वींच देशांतील ३९ रुग्णालयांतील ४६४ रोग्यांवरील चाचणींत त्याचा लाभ दिसला नव्हता. मे महिन्यांत तो उपचारांच्या यादींतून वगळण्यांत आला. त्याच महिन्यांत कारखान्यांत तयार केलेल्या दोन प्रतिपिंडांचें मिश्रण आलें. एका मात्रेची किंमत ५९,७५० रुपये! आणि वर्ष सरण्याच्या आंत ओमिक्रॉननें रूप पालटून तेंही निष्प्रभ केलें. सांगली जिल्ह्यांत शिराळ्याच्या आयसेरा या संस्थेनें घोड्यांच्या प्रतिपिंडांच्या तुकड्यांचें औषध करून २०२१ मध्यें मानवी चाचण्यांस आरंभ केला. सवाशें वर्षांपूर्वींचा घोडा पुन्हां कामास लागला तो असा.

श्वसनरोगावर उंटाच्या धर्तीचें सूक्ष्म प्रतिपिंड अद्याप रूढ औषध झालेलें नाहीं. तें होईल तेव्हां त्याची खरी परीक्षा किनवट अथवा निलंगा येथें व्हावी, असें आम्हांस वाटतें. सर्पदंशावरचें औषध हेंही घोड्याचें उसनें प्रतिपिंडच होय. त्याची भुकटीची कुपी शीतपेटीवांचूनही टिकते. रानांत साप चावला तर दवाखाना वेळेवर गांठला पाहिजे, हें आपल्या शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं. सर्दीतापाच्या पहिल्या दिवसाला मात्र आपण अजून तेवढें भीत नाहीं. लहान झालेलें औषध स्वस्त होऊन जवळच्या आरोग्य केंद्राच्या फळीवर येईल आणि तो पहिला दिवस गांठील, तरच उंटाचें हें देणें आपल्या कामीं आलें, असें म्हणतां येईल.