काळ हे खाणगाळावरचे औषध नव्हे

५ ऑगस्ट २०१५ रोजी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, सिल्व्हरटन या डोंगरी गावाच्या वरच्या अंगाला, गोल्ड किंग नावाच्या बंद खाणीचे तोंड उकरताना आत तुंबलेले पाणी फुटले. सुमारे ३० लाख गॅलन, म्हणजे एक कोटी लिटरहून अधिक आम्लधर्मी पाणी सिमेंट क्रीक या ओढ्यातून अ‍ॅनिमस नदीत उतरले. नदी पिवळीजर्द झाली, आणि तो लोंढा पुढे न्यू मेक्सिको आणि नव्हाहो लोकांच्या भूमीतून यूटापर्यंत गेला. हे काम तिथल्या केंद्र सरकारच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या देखरेखीखाली चालले होते. नदी राखण्याची जबाबदारी जिच्यावर, तिच्याच हातून नदी नासली, हे चित्र जगभर गेले. तेव्हापासून एक मत फार बळावले आहे: जुन्या खाणींच्या घाणीला हात न लावलेलाच बरा.

या मताच्या बाजूने चार मुद्दे मांडले जातात. पहिला असा की, अशा डोंगरांतले ओढे मुळातच आंबट आणि धातूंनी भरलेले असतात. खाणी नव्हत्या तेव्हाही त्यांत मासे नव्हते. दुसरा असा की, खाणी बंद होऊन पिढ्या लोटल्या, उरलेसुरले विष कालांतराने आपोआप धुऊन जाईल. तिसरा असा की, माणसाने हात घातला की बिघाड वाढतो, आणि गोल्ड किंग हा त्याचा पुरावा. चौथा मुद्दा न्यायाचा आहे: घाण ज्याने केली त्यानेच ती काढावी, तिऱ्हाइताला त्यात शिरू देणे म्हणजे गुन्हेगाराला मोकळे सोडणे. हे मुद्दे मांडणारे बेजबाबदार लोक नाहीत. प्रत्येक मुद्द्यात सत्याचा काही अंश आहे. म्हणूनच त्यांचा एकेक करून विचार केला पाहिजे.

पहिल्या मुद्द्यातले सत्य आधी मान्य करू. सिल्व्हरटनभोवतीचे डोंगर प्राचीन ज्वालामुखींचे अवशेष आहेत. गरम द्रवांनी तिथला खडक सडवला आणि त्यात गंधकयुक्त खनिजे भरली. लोहाच्या साक्याने घट्ट बांधले गेलेले खडी-वाळूचे थर ओढ्यांच्या काठी सापडतात, त्यांतले काही खाणकामाच्या हजारो वर्षे आधीचे आहेत. अमेरिकी भूशास्त्र सर्वेक्षण विभागाने या खोऱ्याचा सविस्तर अभ्यास करून २००७ साली तो प्रसिद्ध केला, आणि नैसर्गिक आम्लाचा वाटा मोठा असल्याचे त्यात स्पष्ट दिसते. सिमेंट क्रीकमध्ये उद्या मासे खेळतील असे वचन कोणी देऊ नये.

पण यावरून ‘काही करू नये’ हा निष्कर्ष निघत नाही. अखंड खडकाला हवा आणि पाणी फक्त पृष्ठभागावर आणि भेगांतून भेटतात. खाणीने डोंगर आतून पोखरला, बोगद्यांतून हवा खोलवर नेली, आणि धातूचा दगड दळून त्याचे पीठ केले. खडीसाखरेपेक्षा पिठीसाखर झटकन विरघळते, तसेच हे आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात फेसावर धातुकण तरंगवून वेगळे काढण्याची पद्धत इथे आली, तसा दगड आणखी बारीक दळला जाऊ लागला. धातू काढून उरलेला हा गाळ दशकानुदशके थेट ओढ्यांत सोडला जात होता. त्याच सर्वेक्षणाच्या हिशेबाने या खोऱ्यात सुमारे ८६ लाख अमेरिकी टन गाळ, म्हणजे एकूण गाळाचा जवळजवळ अर्धा भाग, असा पाण्यात गेला. निसर्गाने ओढा आंबट केला होता. माणसाने त्यात जस्त, तांबे आणि कॅडमियमची भर घातली. शिवाय प्रश्न एकट्या सिमेंट क्रीकचा नाही. तो ज्या अ‍ॅनिमस नदीला मिळतो, तिच्यात खालच्या टप्प्यांत ट्राउट मासे जगू शकतात. जस्त किती उतरते यावर त्यांचे जगणे अवलंबून आहे. वरच्या ओढ्याची मूळ प्रकृती कशीही असो, खालच्या नदीवर आपण लादलेले ओझे कमी करणे आपल्याच हाती आहे.

दुसरा मुद्दा काळाचा. ‘घाव काळाने भरतात’ ही समजूत माणसांबाबत खरी असेल, खाणगाळाबाबत रसायनशास्त्र तिच्या विरुद्ध साक्ष देते. या गाळात पायराइट असते, म्हणजे लोह आणि गंधक यांचे संयुग. त्याला हवा आणि पाणी मिळाले की सल्फ्युरिक आम्ल तयार होते आणि लोह सुटे होते. हे सुटलेले लोह ऑक्सिजन घेऊन पुन्हा पायराइटवरच तुटून पडते आणि आणखी आम्ल तयार करते. आम्लात वाढणारे जिवाणू लोहाचा हा फेरा लाखो पटींनी वेगवान करतात. असा एक जिवाणू १९४७ साली कोळसाखाणीच्या पाण्यातून ओळखला गेला. एकदा सुरू झालेला हा व्यवहार पायराइट संपेपर्यंत किंवा हवा-पाण्याची वाट बंद होईपर्यंत चालू राहतो. अशा गाळाचा ढीग वरून निपचित दिसला तरी आत कारखाना सुरूच असतो.

तो किती काळ चालतो? स्पेनमधल्या रिओ तिंतोच्या खोऱ्यात रोमन काळातल्या खाणींची मळी आजही आम्ल सोडते. कॅलिफोर्नियातल्या आयर्न माउंटन खाणीच्या पोटात उणे ३.६ पीएचचे पाणी मोजले गेले आहे. तिथले पायराइट संपायला सुमारे ३,००० वर्षे लागतील असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. एवढ्या मुदतीला ‘आपोआप’ हा शब्द लावणे म्हणजे शंभरेक पिढ्यांवर भार ढकलणे आहे.

अशा ढिगाजवळ कोरड्या दिवसांत गेले तर त्याच्या पायथ्याशी पिवळ्या, पांढऱ्या, फिकट हिरव्या क्षारांची खपली धरलेली दिसते. वैद्याच्या आणि रंगाऱ्याच्या दुकानात हिराकस म्हणून ओळखले जाणारे लोहाचे क्षार तिच्यात असतात. तांब्याचा अंश असला तर मोरचुदाची निळसर झाकही दिसते. ही खपली म्हणजे वाळवून साठवलेले आम्लच. उन्हाळी वादळाची पहिली सर आली की ती क्षणात विरघळते आणि काही आठवड्यांचे विष घटकाभरात ओढ्यात उतरते. एरवीचे नमुने तपासून ‘पाणी ठीक आहे’ म्हणणाऱ्याच्या हाती ही घटका लागतच नाही. दुसरे असे की, इतक्या आम्लात बी रुजत नाही. गवत नाही म्हणून माती धरून ठेवणारी मुळे नाहीत, म्हणून प्रत्येक पावसात उतार कापला जातो. कापला गेला की आतला ताजा, अजून हवा न लागलेला गाळ उघडा पडतो, आणि आम्लाचा फेरा नव्याने सुरू होतो. धूप आणि आम्ल एकमेकांना असे पोसत राहतात. काळ इथे जखम भरत नाही, ती रोज नव्याने उघडतो.

तिसरा मुद्दा सर्वांत प्रभावी वाटतो, कारण त्यामागे पिवळ्या नदीचे चित्र उभे आहे. पण गोल्ड किंगमध्ये नेमके काय झाले? शेजारच्या सनीसाइड खाणीचा सांडपाण्याचा बोगदा, अमेरिकन टनेल, १९९६ मध्ये काँक्रीटच्या बुचाने बंद करण्यात आला. पुढे डोंगराच्या पोटातले पाणी चढले आणि पूर्वी जवळजवळ कोरड्या असलेल्या वरच्या खाणींतून झिरपू लागले. गोल्ड किंग त्यांपैकी एक. तिचे तोंड ढासळून बंद झाले होते आणि मागे पाणी दाबाखाली साचले होते. दुर्घटनेनंतर ब्युरो ऑफ रेक्लमेशन या तिथल्या केंद्र सरकारच्या खात्याने केलेल्या परीक्षणात नोंदले गेले की, जवळच्याच रेड अँड बोनिटा खाणीत वरून छिद्र पाडून पाण्याची पातळी आधी मोजली होती. गोल्ड किंगमध्ये ती खबरदारी घेतली गेली नाही. म्हणजे २०१५ चा धडा ‘हात लावू नका’ असा नाही. ‘दाब मोजल्याशिवाय तोंड उघडू नका’ असा आहे.

आणि हा धडा बोगद्यांचा आहे, ढिगांचा नाही. उघड्यावर पडलेल्या, ओढ्याने काठ खाल्लेल्या ढिगाच्या पोटात असे तुंबलेले पाणी नसते. रूढ मत या दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करते आणि बोगद्याच्या भीतीपोटी ढीगही जागच्या जागी राहू देते. ढिगांबाबतचा अनुभव पाहायचा तर मोंटाना राज्यातल्या सिल्व्हर बो क्रीककडे पाहावे. ब्यूट शहराच्या तांबेखाणींचा गाळ या ओढ्यात गेला, १९०८ च्या महापुराने तो काठाकाठाने पसरवला, आणि पुढे जवळजवळ शतकभर या ओढ्यात मासा नव्हता. १९९९ पासून राज्याने खाणकंपनीकडून तडजोडीत मिळालेल्या पैशातून काठचा गाळ उकरून दूर हलवला, ओढ्याला नवे पात्र दिले, काठांवर झाडी लावली. काम दीड दशकाहून अधिक चालले. आज त्या पाण्यात ट्राउट मासे आहेत. शतकभराच्या ‘आपोआप’ने जे साधले नाही, ते नेटाने केलेल्या कामाने साधले.

हात न लावण्याचीही किंमत असते, फक्त तिचे छायाचित्र निघत नाही. सिमेंट क्रीकच्या काठी ग्लॅडस्टन इथे पाण्यात चुना मिसळून धातू खाली बसवणारे केंद्र चालत असे. २००० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात ते बंद पडले. पुढच्या वर्षांत अ‍ॅनिमसमधले धातू वाढले आणि सिल्व्हरटनखालच्या टप्प्यात मासे घटले. त्या वर्षांत नदीचा रंग बदलला नाही, म्हणून बातमीही झाली नाही. एका दिवसाच्या लोंढ्याने हादरलेल्या आपण रोजच्या झिरप्याचा हिशेबही तितक्याच गांभीर्याने मांडला पाहिजे.

उरला न्यायाचा मुद्दा. ‘घाण करणाऱ्याने भरावे’ हे तत्त्व योग्यच आहे, आणि जिथे कंपनी हयात आहे तिथे ते कठोरपणे लावले पाहिजे. सिल्व्हर बो क्रीकला पैसा त्यातूनच मिळाला. पण १८७२ च्या अमेरिकी खाण कायद्याने सार्वजनिक जमिनीतला धातू काढणाऱ्यांकडून स्वामित्वधनही मागितले नाही, आणि त्या काळातल्या बहुतेक कंपन्या कधीच नामशेष झाल्या. तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२० साली केंद्राच्या जमिनींवर धातुखाणींचे किमान १,४०,००० बेवारस अवशेष मोजले. बेवारस घाणीसाठी वारसाची वाट पाहणे हा न्याय नव्हे. उलट १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्याने असा पेच निर्माण केला की, ज्या संस्थेने स्वतःहून अशा जागी काम करावे, तिच्याच माथी तिथल्या प्रदूषणाची कायमची जबाबदारी यावी. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या नव्या कायद्याने हा पेच थोडा सोडवला: सात वर्षांच्या प्रायोगिक मुदतीत १५ परवाने, आणि तेही त्या घाणीशी पूर्वी संबंध नसलेल्यांनाच. गुन्हेगार मागच्या दाराने निसटेल ही शंका रास्त होती. हे बंधन त्या शंकेचे समाधान करते, आणि पुढेही ते सैल होता कामा नये.

मग करावे काय? गाळ, पाणी आणि हवा यांची फारकत करणे हे सगळ्या कामाचे सूत्र आहे, आणि त्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी ढिगाच्या वरच्या अंगाला चर खणून पावसाचे आणि वितळत्या बर्फाचे स्वच्छ पाणी बाजूने वळवावे, म्हणजे ते गाळाला शिवतच नाही. मग ओढ्याने खाल्लेला ढिगाचा पायथा मागे घ्यावा, उतार कमी करावा, आणि पुराच्या रेषेत असलेला गाळ उंच, कोरड्या जागी न्यावा. जो हलवता येत नाही त्यात चुनखडी आणि कंपोस्ट खोलवर मिसळावे, वर माती द्यावी, स्थानिक गवत पेरावे. कोलोरॅडोतल्याच बोनान्झा खाणींखालच्या कर्बर क्रीकच्या काठी शासकीय खाती, जमीनमालक आणि स्वयंसेवक यांनी मिळून हीच पद्धत वापरली. बोगद्यांची पाळी यानंतर, आणि तीही दाब मोजून. बूच हा तिथला सोपा उपाय वाटतो, पण अडवलेले पाणी दुसरी वाट शोधते. जिथे झिरपा थांबत नाही तिथे चुन्याचे केंद्र अखंड चालवावे लागते.

प्रत्येक ठिकाणी हेच औषध लागू पडेल असे नाही. गोव्यात डिचोली, सत्तरी, सांगे भागातले लोहखनिज मुख्यतः ऑक्साइड स्वरूपाचे आहे. तिथल्या डंपांतून शेतांत आणि नद्यांत उतरतो तो लाल गाळ, कोलोरॅडोसारखे आम्ल नव्हे. तिथे चुन्यापेक्षा चर, गाळ अडवणारे बांध आणि ढिगाच्या उतारांवरची झाडी यांना महत्त्व आहे. निदान ठिकाणागणिक बदलेल. उघड्या ढिगावर पाऊस कोसळू देऊन वाट पाहणे मात्र दोन्हीकडे सारखेच घातक आहे.

खाणगाळाची सफाई हे एकदा करून हात झटकण्याचे काम नाही. चर बुजतात, मातीचे आवरण झिजते, चुन्याच्या केंद्रातला साका कुठेतरी साठवावा लागतो. म्हणून सफाईच्या अंदाजपत्रकात देखभालीचा कायमचा निधी पहिल्या दिवसापासून असला पाहिजे, आणि नव्या खाणीला परवाना देताना तो आगाऊ भरून घेतला पाहिजे. ज्यांनी त्या डोंगरातले सोने, चांदी, तांबे वापरले त्या समाजाने ही जबाबदारी घ्यायला हवी. हात लावला तर चूक होऊ शकते, ती मोजमापाने टाळता येते आणि झाली तर सुधारता येते. हात न लावण्याची चूक मात्र दर पावसागणिक वाढत जाते, आणि तिची भरपाई करतात खालच्या काठावरचे लोक, ज्यांना त्या खाणीतून काहीही मिळाले नव्हते.